गिटारचा कोपरा

गिटार पिशवीत गेली की वाजायची थांबते. शाळा, क्लास, गृहपाठ उरकून दमलेलं पोर पिशवीची चेन उघडेल, गिटार बाहेर काढेल, सूर जुळवेल आणि मग सरावाला बसेल, ही अपेक्षा फार मोठी आहे. तीच गिटार बैठकीच्या खोलीत समोर उभी असली, तर पानं वाढून होईपर्यंतच्या दहा मिनिटांतही हात तिच्याकडे जातो. माझ्या लेकीच्या बाबतीत गेली चार वर्षं मी हे पाहते आहे. तेव्हा गिटार उघड्यावर हवी, आणि उघड्यावर ठेवायची तर तिचं स्टँड भक्कम हवं. मुलांना वाद्य घेऊन देणाऱ्या आई-बाबांना याबद्दल सहसा कुणी काही सांगत नाही, म्हणून आज लिहिते आहे.

माझ्या आईकडे मिरजेचा तंबोरा होता. कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात तो गवसणी घालून उभा असायचा, भोपळ्याखाली कापडाची चुंबळ. तेवढ्या कोपऱ्यात आम्हा मुलांना झाडू घालू दिला जात नसे, तो कोपरा आई स्वतः झाडायची. मिरजेच्या शिकलगारांनी शस्त्रांना धार लावायचं काम सोडून दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही बातमी वाचताना मला पहिल्यांदा आठवली ती ती चुंबळ. भोपळा फुटतो, हे घरातल्या लहानग्यालाही ठाऊक असायचं. गिटार मात्र दिसायला दणकट. तिचं नाजूक ठिकाण कुठे आहे, हे आम्हाला कळलं ते दिवाळीच्या साफसफाईत.

स्टुलावर चढून मी पडदे उतरवत होते. एक पडदा हातातून सुटला आणि स्टँडवरच्या गिटारवर पडला. पडद्याचं वजन ते किती! पण स्टँड कलंडलं आणि गिटार उताणी पडली. खोलीभर सगळ्या तारांचा मिळून एक आवाज झाला. बाहेरून पाहिलं तर खरचटलंसुद्धा नव्हतं. लेकीने उचलून उलटी केली, तेव्हा मानेच्या वरच्या टोकाला, डोकं जिथे सुरू होतं तिथे मागच्या बाजूने लाकूड उकललेलं दिसलं. ती काही बोलली नाही. भेगेवर अंगठा ठेवून बराच वेळ बसून राहिली.

ठाण्यात वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गिटार नेली. त्यांनी आधी तारा सैल केल्या आणि मग मला समजावून सांगितलं. अकूस्टिक गिटारच्या सहा तारा जुळवलेल्या असताना मिळून ७० किलोच्या आसपास ओढ लावतात. ही ओढ डोक्याला सतत पुढे खेचत असते. बहुतेक अकूस्टिक गिटारींचं डोकं मानेच्या रेषेपासून मागे झुकलेलं असतं. गिब्सनच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारमध्येही डोकं असंच झुकलेलं, कोन मूळचा १७ अंशांचा. मान एकसंध महोगनीची असली की लाकडाचे रेषे मानेच्या लांबीने सरळ जातात, पण डोकं वाकडं असल्याने तिथे ते तिरके कापले जातात आणि आखूड पडतात. त्यात अनेक गिटारींत मानेतली लोखंडी सळई पिळण्यासाठी नेमकं तिथेच लाकूड कोरलेलं. गिटार उताणी पडली की डोक्याचं टोक जमिनीवर आपटतं, जमीन डोक्याला पुढे ढकलते, तारा आधीच पुढे ओढत असतात. दोन्ही जोर एकाच दिशेचे. १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरची मान मेपलची आणि डोकं सरळ, त्यामुळे ती अशा पडण्यातून बहुधा वाचते.

काकांनी भेगेत सरस भरून, शिकंजे लावून गिटार दोन दिवस ठेवून घेतली. सांधा उत्तम बसला आहे. बोट फिरवलं तर रेघ जाणवते, आवाजात काही फरक नाही. निघताना मी विचारलं, असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करू? ते म्हणाले, “ताई, गिटार चांगली घेतलीत. आता तिला उभं राहायला जागा द्या.”

आमचं आधीचं स्टँड पोकळ नळ्यांचं, दुमडून पिशवीत मावणारं होतं. कार्यक्रमाला न्यायला ते ठीक आहे. तिथे वाजवणारा जवळच असतो आणि कार्यक्रम संपला की गिटार पेटीत जाते. घरात गिटार चोवीस तास उभी राहते. लादी पुसताना मावशींचा हात लागतो, पाहुण्यांची मुलं पळतात, पंखा लावला की पडदा उडतो. हलक्या स्टँडवर गिटारच स्टँडपेक्षा जड होते, आणि लेस पॉलसारखी चार किलोंच्या वरची गिटार असेल तर विचारायलाच नको. शिवाय तीन पायांचं स्टँड पायाच्या दिशेने कलंडत नाही, दोन पायांच्या मधल्या फटीकडे कलंडतं. दुकानात आपण ते समोरून हलवून पाहतो आणि समाधान मानतो. ढकलून पाहायचं ते त्या फटीच्या दिशेने.

तयार स्टँडांत मला मान वरून धरणारी जड स्टँडं आवडली. हरक्युलिस कंपनीच्या स्टँडमध्ये गिटार खोबणीत अडकवली की तिच्याच वजनाने खोबण खाली जाते आणि दोन बोटं पुढून मिटतात. गिटार उचलली की ती आपोआप उघडतात. लहान मूल असलेल्या घरात हे मोलाचं आहे. तीन-पाच गिटारी एका ओळीत ठेवायचं रॅक घेणार असाल तर एक लक्षात घ्या, त्यावरचा आकडा इलेक्ट्रिक गिटारी धरून दिलेला असतो. अकूस्टिकचं खोकं दहा-बारा सेंटिमीटर खोल, इलेक्ट्रिकचं जेमतेम पाच. पाचांच्या रॅकवर अकूस्टिक तीनच नीट बसतात.

भिंतीवर अडकवणं सर्वांत सुरक्षित, पण भिंत कसली आहे ते आधी पाहा. विटांच्या जुन्या भिंतीत गिट्टी ठोकून स्क्रू बसवला की तो वर्षानुवर्षं हलत नाही. नव्या इमारतींतल्या सिपोरेक्सच्या भिंतीत मात्र साधी गिट्टी हळूहळू सैल होते, तिथे त्या भिंतीसाठीचाच फास्टनर मागून घ्यावा. आणि पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत नकोच. गिटार बनवणारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सुचवतात, आपल्याकडे जुलैत ती ८० च्या वर असते. अस्सल लाकडाच्या पाटीची महागडी गिटार असेल, तर ते तीन-चार महिने तिने सिलिका जेलच्या पुड्यांसोबत पेटीतच राहावं. प्लायच्या पाटीची गिटार बाहेर राहिली तरी चालते.

आणखी एक गोष्ट महाग गिटार असणाऱ्यांसाठी. स्टँडवरचं रबर आणि फोम नायट्रोसेल्युलोज लॅकरला खातं. गिब्सन, मार्टिनसारख्या गिटारींवर हे लॅकर असतं. काही आठवड्यांत त्या जागी चिकट डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. पॉलियुरेथेनचा थर असेल तर ही भीती नाही.

आम्ही शेवटी स्टँड करून घेतलं. आईच्या जुन्या सागवानी पलंगाच्या फळ्या माळ्यावर होत्या. सुतारमिस्त्री आले, त्यांनी गिटार तळहातावर आडवी तोलून धरली आणि जिथे ती स्थिर राहिली तिथे खडूची बारीक खूण केली. मान जिथे खोक्याला मिळते, त्याच्या जरा खाली. मग गिटार भिंतीशी हव्या त्या कलात टेकवून त्यांनी त्या खुणेपासून ओळंबा सोडला. ओळंबा जिथे टेकला, तिथून चारी बाजूंना किमान वीतभर लाकूड ठेवायचं, म्हणजे धक्का लागला तरी तोल पायांच्या आतच राहतो, असं त्यांनी सांगितलं. इतकी साधी आणि इतकी पक्की गोष्ट मला कुठल्याही दुकानात कुणी दाखवली नव्हती. जिथे गिटार टेकते तिथे त्यांनी रबराऐवजी आईच्या सुती लुगड्याची चौपदरी घडी बसवून दिली. मानेच्या खोबणीपुढे चामड्याचा एक पट्टा आहे, तो लेक न चुकता लावते.

बाजारातलं घ्या किंवा सुताराकडून करून घ्या, पण तुमची गिटार सोबत ठेवूनच ठरवा. दुकानात जाताना ती पिशवीत घालून न्या, स्टँडवर ठेवा, तारा थोड्या सैल करून खाली हात धरा आणि डोक्याजवळ बोटाने सगळ्या बाजूंनी ढकलून पाहा. दुकानदार नको म्हणाला तर तिथून ते स्टँड घेऊ नका. आणि मुलाला पहिली गिटार घेणार असाल, तर स्टँडचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा.