बोट दाखवून उचललेली पोरं

आमच्या गोदीच्या गेटवर सकाळी ठेकेदाराचा मुकादम उभा असतो. तो नाव विचारत नाही. खांदे बघतो आणि बोट दाखवतो, तू, तू आणि तू. बाकीचे घरी.

'हूप ड्रीम्स' हा १९९४ चा अमेरिकन माहितीपट बघताना मला तेच बोट दिसलं. शिकागोच्या काळ्या वस्तीतली दोन खरीखुरी पोरं, आर्थर एजी आणि विल्यम गेट्स. चौदाव्या वर्षापासून कॅमेरा पाच वर्षं त्यांच्या मागे. दोघांनाही बास्केटबॉल खेळून एनबीएत जायचंय. मैदानं हुंगत फिरणारा एक माणूस आर्थरला हेरतो. उपनगरातल्या सेंट जोसेफ या कॅथलिक शाळेत नेतो. शाळा बहुतेक गोऱ्यांची. रोज जाऊन-येऊन तीन तास. विल्यमही तिथंच.

दोघांना अर्धीमुर्धी स्कॉलरशिप. विल्यम चमकला, त्याची उरलेली फी एका पैसेवाल्या बाईने भागवली. आर्थरच्या घरची कमाई आटली, फी मात्र वाढली. दुसऱ्याच वर्षी, अर्ध्यातून, पोरगा बाहेर. तो मार्शल या सरकारी शाळेत गेला, तर जुन्या शाळेने थकबाकीपायी त्याचे मार्कांचे कागद अडवले. तो त्यांना हवा तसा खेळाडू निघाला असता तर फी आडवी आली असती? छट्!

इथं मी पिक्चर थांबवला. दहावी पास झालो तेव्हा एका खाजगी शाळेने माझाही दाखला फीपायी अडवला होता. आई चार महिने हेडमास्तरच्या दारात उभी. कागद हातात आला तोवर कॉलेजचे प्रवेश संपलेले. मी गोदीत.

काही दोस्त म्हणतात, खेळामुळे एखादा तरी वर जातो ना? जातो. एनबीएत संघ ३०, एकेका संघात खेळाडू १५. झाले साडेचारशे. आणि गल्लीगल्लीत उड्या मारणारी पोरं किती, मोजा. विल्यमचा गुडघा गेला, तरी तो मार्क्वेट विद्यापीठात पोचला. आर्थरच्या मार्शलने १९९१ साली राज्यात तिसरा नंबर काढला. एनबीएत दोघांपैकी कुणीच गेलं नाही.

स्पाइक ली हा काळा दिग्दर्शक याच पिक्चरमध्ये निवडक पोरांना तोंडावर सांगतो, की तुमच्या जिवावर टीम जिंकते आणि पैसा शाळा कमावतात. खोटं काय त्यात? कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर चार पैसे मिळवायची परवानगी २०२१ साली मिळाली. तोवर घाम त्याचा, गल्ला दुसऱ्याचा.

दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स गोरा आहे म्हणून मी त्याला शिव्या घालणार नाही. आर्थरच्या घरची वीज तोडली तेव्हा ती परत जोडायला या लोकांनी पैसे दिले, पुढे नफ्यातही या घरांना वाटा दिला. माझं भांडण बघणाऱ्यांशी आहे. पोरगा पडला की हळहळायचं, उठला की टाळ्या. पण पोराला बाहेर पडायला एकच फट का, हे कोण विचारणार?

याच शिकागोच्या वेस्ट साइडला ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी घरात घुसून फ्रेड हॅम्प्टनला गोळ्या घातल्या. वय एकवीस. ज्या ब्लॅक पँथरचं नाव १९७२ मध्ये मुंबईतल्या आपल्या पोरांनी घेतलं, तिचा तो पुढारी. त्याचे पँथर सकाळी वस्तीतल्या लेकरांना फुकट नाश्ता द्यायचे. नाश्ता देताना कुणाची उंची मोजली नाही. सगळ्यांना ताट.

हा फरक ध्यानात ठेवा. एकाला उचलणं म्हणजे मुक्ती नव्हे, भरती.

आणि पिक्चरमधली खरी जीत? आर्थरची आई शीला. एवढ्या ओढगस्तीत ती नर्सच्या मदतनिसाचा कोर्स करते, वर्गात पहिली येते, आणि ढसाढसा रडते. तिला कुणी हेरलं नव्हतं. तिच्यासाठी कुणी मैदान हुंगत आलं नव्हतं.

माझ्या आईनेही त्या दाखल्याची घडी अजून पत्र्याच्या पेटीत ठेवलीय. मुकादमाचं बोट माझ्यावर पडो, अशी प्रार्थना मी आता करत नाही. गेट सगळ्यांना उघडं पाहिजे. बोला, कोण येतंय सोबत?