डबा बदलण्याआधी

गेले चार शनिवार मी लॅपटॉप घेऊन एका गॅरेजमध्ये बसतोय. बर्लिनच्या श्पांडाउ भागात राहतो, शेजारी एक रिटायर्ड गृहस्थ आहेत. तोंडावर मी त्यांना अर्थातच आडनावाने हाक मारतो, पण मनातल्या मनात ते आजोबाच. आजोबांकडे १९८५ सालची बीएमडब्ल्यू के१०० आहे. म्हणजे गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी, आणि बनली इथेच, श्पांडाउच्या कारखान्यात.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: के१०० आली १९८३ मध्ये. ९८७ सीसी, चार सिलिंडर, इंजिन चक्क आडवं झोपवलेलं (म्हणून तिला 'उडती वीट' म्हणतात), आणि ९० हॉर्सपॉवर. पण खरी गंमत म्हणजे कार्ब्युरेटरच नाही. बॉशची एलई-जेट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन, आणि सीटखाली एक छोटासा डबा. पेट्रोल किती द्यायचं ते तो ठरवतो.

तर झालं असं की गाडी गरम झाली की मिसिंग करायला लागली. मोकळ्या रस्त्यावर एकदम मख्खन, पण सिग्नलला पाच मिनिटं थांबलात की झटके. मी लगेच निदान केलं. गरम झाल्यावरच होतंय ना? मग डब्यातलं सोल्डर गेलं असणार. चाळीस वर्षांचं इलेक्ट्रॉनिक्स, किती चालणार! "फेकून देऊ या, नवीन बसवू," मी म्हणालो.

हा आमचा धंद्याचा रोग आहे हो. कुठलाही जुना कोड दिसला की हात शिवशिवतात. समजून घ्यायला आठवडा लागतो, त्यापेक्षा नव्याने लिहिणं बरं वाटतं. कारण नव्याने लिहिताना आपण हुशार असतो, आणि जुनं वाचताना विद्यार्थी!

मी स्पीडुइनोचा बोर्ड मागवलासुद्धा. ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे, साधा आर्डुइनो मेगा वापरतात. १६ मेगाहर्ट्झचा आठ बिटांचा प्रोसेसर. हसू नका, पुरतो. ६००० आरपीएमला इंजिनचा एक फेरा होतो १० मिलिसेकंदांत. तेवढ्यात सेन्सर वाचायचे, टेबल बघायचं, इंजेक्टर उघडून बंद करायचे. त्या छोट्या चिपला हे आरामात जमतं.

बोर्ड येईपर्यंत म्हटलं जुना डबा काय करतो ते तरी वाचू. आणि इथे पहिला धक्का बसला. त्यात प्रोग्रॅमच नाही! सगळं अॅनालॉग. हवा आत येताना एक झडप ढकलते, झडपेला पोटेन्शिओमीटर जोडलेला, त्यावरून किती हवा आली ते कळतं. इंजिनचा वेग इग्निशनकडून येतो. वर पाण्याचं आणि हवेचं तापमान, आणि थ्रॉटल पूर्ण बंद आहे की पूर्ण उघडा हे सांगणारा एक स्विच. या सगळ्यावरून एक पल्स तयार होतो, आणि इंजिनच्या दर फेऱ्याला चारही इंजेक्टर एकदम उघडतात. बस्स. ना फर्मवेअर, ना अपडेट. ज्याने हे डिझाईन केलं त्याचा 'कोड' म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या किमती.

मग लक्षात आलं की डबा बदलणं हे नुसतं डबा बदलणं नाहीच. स्पीडुइनोला थ्रॉटल किती उघडलाय हे नेमकं लागतं, म्हणजे तो दोन टोकांचा स्विच काढून खरा सेन्सर बसवा. हवेच्या झडपेऐवजी दाबाचा सेन्सर घ्या. चारही सिलिंडरना वेगळा थ्रॉटल असल्यामुळे त्या दाबाचं रीडिंग उड्या मारणार, ते शांत करा. एक्झॉस्टमध्ये लॅम्बडा सेन्सर बसवा, नाहीतर मिश्रण बरोबर आहे की नाही कळणार कसं? आणि शेवटी १६ बाय १६ चं टेबल. म्हणजे २५६ चौकटी, आणि रस्त्यावर तपासेपर्यंत प्रत्येक चौकट म्हणजे अंदाज. आपल्याकडे अंदाज चुकला तर टेस्ट फेल होते. इथे जास्त लोडवर पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळतो. रोलबॅक नाही!

वर कायदा. जर्मनीत ३० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात नीट सांभाळलेल्या गाडीला नंबरामागे 'एच' अक्षराची पाटी मिळते. आजोबांच्या गाडीला ती आहे. आणि एक्झॉस्ट किंवा आवाज बिघडेल असा बदल केला तर नुसती ती पाटी नाही, गाडीची रस्त्यावर चालायची परवानगीच रद्द होते. आजोबा एवढंच म्हणाले, "तू पुढच्या वर्षी कदाचित इथे नसशील. त्या टेबलाचं मी काय करू?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. मी त्यांना एक असा डबा देणार होतो जो फक्त मला कळतो.

तिसऱ्या शनिवारी आम्ही मल्टिमीटर काढला. (हे पहिल्या शनिवारी करायला हवं होतं, मान्य.) बॅटरीच्या मायनसपासून डब्याच्या अर्थपर्यंत व्होल्टेज मोजलं. इंजिन थंड असताना ठीक. गरम झालं, रेडिएटरचा फॅन सुरू झाला, आणि काटा ०.७ व्होल्टवर! हा फरक जवळजवळ शून्य हवा. टाकी उतरवली. आजोबांनी गेल्या हिवाळ्यात फ्रेम रंगवली होती, आणि अर्थच्या बोल्टखाली तो सुंदर काळा रंग तसाच. फॅनचा करंट त्या रंगातून वाट काढत होता. सगळ्या सर्किटचा शून्यच सरकला होता, आणि डबा बिचारा चुकीच्या इनपुटला बरोबर उत्तर देत होता.

पॉलिश पेपरने रंग खरवडला, बोल्ट आवळला. दहा मिनिटं.

जरा विचार करा, मी नवा बोर्ड त्याच वायरिंगवर बसवला असता तर? अर्थ तसाच खराब, आणि मी महिनाभर २५६ चौकटी त्या रंगाला जुळवून घेत बसलो असतो.

पण म्हणून 'जुनं ते सोनं' असं मला म्हणायचं नाहीये. उद्या हा डबा खरंच मरेल. तेव्हा स्पीडुइनोसारखी गोष्ट लागेल, आणि ती आहे याचा मला आनंदच आहे. माझी तक्रार वेगळी आहे.

आपल्याकडे बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय काढली, आणि २००९ मध्ये तीच २२० कार्ब्युरेटरवर आली. तेव्हा ज्यांनी एफआय घेतली त्यांच्या गाड्या आता म्हाताऱ्या झाल्यात. कार्ब्युरेटरवाली पल्सर कोपऱ्यावरचा मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरने वळणावर आणेल. एफआयचा डबा गेला तर? आणि हा प्रश्न आता हौशी मंडळींचा राहिलेला नाही. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आल्यापासून बहुतेक नव्या बाईक इंजेक्शनच्याच आहेत. तुमची, माझ्या भावाची, झोमॅटोवाल्याची. २०४५ मध्ये त्यांचे डबे मिळणार नाहीत. आणि त्या डब्यांत प्रोग्रॅम आहे, कुलूपबंद.

माझं म्हणणं साधं आहे. कंपनीने डबा विकणं बंद केलं की त्या दिवशी दोन कागद जाहीर करावेत: कुठल्या पिनला काय येतं, आणि पेट्रोलचं मूळ टेबल. सोर्स कोड मागत नाहीये मी. या दोन कागदांवर कोणीही शहाणा माणूस पर्यायी डबा बनवू शकेल, आणि अंदाजाने पिस्टन वितळवणार नाही. कायद्याने सक्ती केली तरी माझी हरकत नाही.

आणि आपण? आधी अर्थ मोजा. मूळ वायरिंग कापू नका, मध्ये अडॅप्टर करा, म्हणजे जुना डबा परत लावता येईल. आणि टेबल केलंत तर कागदावर लिहून गाडीच्या पेपर्ससोबत ठेवा. तुमच्यानंतर कोणीतरी वाचणार आहे.

माझा बोर्ड आता आजोबांच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यावर त्यांनी चिठ्ठी लावली आहे: 'अजून नाही.' चौथ्या शनिवारी मी पिनांचा तक्ता लिहायला घेतला. जर्मनमध्ये, म्हणजे चुका आजोबाच तपासतील :)