लोणारचा हंगाम सुरू होतो तेव्हा सरोवरात काय चाललेलं असतं?

आल्प्समधल्या अनेक स्की-गावांत शरद ऋतू म्हणजे निवांतपणा. उन्हाळ्यातले पर्यटक गेलेले असतात, बर्फ पडायचा असतो, पाळणे बंद असतात आणि डोंगरवाटांवर मोजकेच लोक दिसतात. गावाला आणि डोंगरालाही तेवढीच उसंत मिळते.

बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारला ही उसंत मिळत नाही. इथे गर्दीचा काळ शरदातच सुरू होतो. आधी शारदीय नवरात्रात कमळजा देवीच्या दर्शनाला भाविक येतात. ऑक्टोबरचं ऊन ओसरलं की विवर उतरायला ट्रेकर येऊ लागतात. त्यातच डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. मेहकरला खाली उतरलं की तासाभराच्या आत लोणार गाठता येतं. पूर्वी मुक्कामाची सहल होती, ती आता शनिवार-रविवारची चक्कर झाली आहे.

प्रश्न गर्दीचा आहेच. पण ही गर्दी नेमकी कशावरून चालते, हे समजून घ्यायला हवं.

खाली उतरणं म्हणजे काय?

लोणारचं विवर अशनीपातामुळे, बेसॉल्टच्या कातळात तयार झालं. व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, म्हणजे काठावरून पूर्ण फेरी मारायची तर साधारण सहा किलोमीटर चाल. काठापासून तळ शंभर मीटरहून अधिक खोल आहे. वयाबद्दल मात्र शास्त्रज्ञांत एकमत नाही: एका पद्धतीने ते सुमारे 50 हजार वर्षं येतं, तर दुसऱ्या पद्धतीने साडेपाच लाखांच्या पुढे.

धारेच्या बाजूने उतरताना आधी गोड्या पाण्याचा झरा लागतो, मग दाट झाडी, आणि शेवटी खारट, अल्कधर्मी पाणी. एवढ्याशा उतारात तीन वेगवेगळी जगं. या परिसराला 2000 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, तर 2020 मध्ये सरोवर रामसर यादीत गेलं. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं स्थळ.

खरी अडचण पाण्याची

या सरोवरातून पाणी बाहेर पडायला वाटच नाही. पाऊस आणि झरे पाणी आणतात, ऊन ते उडवून नेतं, क्षार मागे राहतात. या हिशेबावरच इथले सूक्ष्मजीव जगतात. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सोशल मीडियावर चमत्काराच्या गोष्टी फिरल्या. प्रत्यक्षात पातळी घटून खारटपणा वाढला होता आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तसं सांगितलं.

आता काटा उलट्या बाजूला झुकलाय. गेल्या काही पावसाळ्यांनंतर पातळी वाढत जाऊन पाणी काठावरच्या प्राचीन मंदिरांपर्यंत आलं. भरपूर पाणी ही विदर्भात आनंदाची बातमी असते, इथे ती तशी नाही. गोडं पाणी वाढलं की क्षार विरळ होतात आणि केवळ अशाच पाण्यात टिकणारी जीवसृष्टी अडचणीत येते. वाढीमागे पाऊस किती, झरे किती आणि आसपास मुरणारं पाणी किती, याचं नेमकं गणित मांडल्याशिवाय कुठलाही उपाय अंधारात मारलेला दगड ठरेल.

चालणाऱ्यांशी याचा संबंध सरळ आहे. पाण्याभोवतीची कोरडी पट्टी बुडाली की तळाची फेरी वर झाडीत सरकते. जिथे पायवाट नव्हती तिथे ती पडते, उताराची माती सुटते आणि पावसात सरोवरातच जाते.

मग करायचं काय?

संवर्धनाचा विषय वर्षानुवर्षे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आहे. काठावरची वेडी बाभूळ काढण्यासारखी कामं झाली. पण विकास म्हटलं की चर्चा रस्ते, पार्किंग आणि व्ह्यू-पॉइंटवरच येऊन थांबते. तळात एका दिवशी किती माणसं उतरू द्यायची, हा प्रश्न तुलनेनं कमी खर्चाचा आणि जास्त अवघड. कारण नवरात्रातल्या भाविकाला थांबवणं कोणालाच शक्य नाही, आणि हॉटेल, रिक्षा, गाइड यांचं वर्षाचं पोट याच तीन-चार महिन्यांवर आहे.

त्यातल्या त्यात व्यवहार्य वाटतो तो वेगळा मार्ग: काठावरची फेरी सर्वांना खुली, तळात मात्र ठरलेल्या वाटेनेच आणि गाइडसोबतच प्रवेश. यात स्थानिकांचा रोजगार बुडत नाही, उलट वाढू शकतो. पाणी कुठवर आलंय हे पाहून दरवर्षी नवरात्राआधी वाट नव्याने आखावी लागेल, एवढंच.