बऱ्हाणपूरचे विमानतळ कोणते?

बऱ्हाणपूर शहरातून प्रवासी विमान सुटत नाही. राज्याच्या हिशेबाने तेथील नागरिकाचे विमानतळ इंदूर. पण इंदूर सुमारे १८० किलोमीटरांवर, आणि मध्ये सातपुड्याचे घाट व नर्मदेचे पात्र. उलटपक्षी राज्यसीमेपलीकडचे जळगाव विमानतळ त्याच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे. फारुकी सुलतानांची ही राजधानी, पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे. १६०१ साली अकबराने शेजारचा असीरगड घेतला तो दख्खनची वाट हाती यावी म्हणूनच. त्या खानदेशाचे विमानतळ आज महाराष्ट्रात आणि जुनी राजधानी मध्य प्रदेशात, अशी ही वाटणी आहे.

गोव्याने या प्रश्नात लक्ष घालावे याला कारण आहे. मोपा येथे तळ असलेल्या फ्लाय ९१ या कंपनीने २०२४ साली गोवा–जळगाव विमानसेवा सुरू केली. दोन्ही विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ६०० किलोमीटर. एटीआर ७२ जातीचे पंख्याचे विमान ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास जाते; चढण्या-उतरण्याचा वेळ धरता हा प्रवास दीड तासाचा. वास्कोहून निघालेली गोवा एक्स्प्रेस मिरज, पुणे, मनमाड करीत भुसावळ गाठते तोवर जवळजवळ एक दिवस सरलेला असतो. हा फरक क्षुल्लक नव्हे.

परंतु वेळापत्रकातला दीड तास हा विमानाचा असतो, प्रवाशाचा नसतो. काणकोणच्या माणसाला मोपा गाठण्यास आधी सारा गोवा ओलांडावा लागतो (दाबोळी जवळ असताना मोप्याला जाण्याचे दुःख दक्षिण गोव्याला नव्याने सांगायला नको), मग तपासणीचा तास, आणि जळगावला उतरल्यावर बऱ्हाणपूरपर्यंत दोन-अडीच तासांचा रस्ता. म्हणजे हवेत दीड तास आणि जमिनीवर सहा-सात! विमानाचा वेग वाढवून यातले एक मिनिटही फारसे वाचणार नाही. वाचेल ते विमानाच्या वेळेशी जुळणाऱ्या बसमुळे. पण ती बस कोणी सोडायची? मध्य प्रदेशाने आपले राज्य परिवहन महामंडळ २००५ साली गुंडाळण्यास घेतले, आणि महाराष्ट्राच्या एस.टी.ला परराज्यातील विमानप्रवाशांची काळजी वाहण्याचे कारण वाटत नाही.

येथेच खरी मेख आहे. केंद्राच्या उडान योजनेत तोट्याची भरपाई साधारणपणे तीन वर्षे मिळते. त्यानंतर मार्गाने स्वतःच्या पायावर उभे राहावे ही अपेक्षा. जळगावचा अनुभव आशादायक नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेली मुंबई सेवा खंडित झाली, नंतर दुसऱ्या कंपनीने विमाने आणली, तीही थांबली. अशा विमानतळाला प्रवासी हवे असतील तर ते केवळ जळगाव जिल्ह्यात मोजून कसे भागेल? केळीचे बागाईतदार आणि यंत्रमागांचे व्यापारी बऱ्हाणपूरलाही आहेत, आणि त्यांचे जाणे-येणे मुंबई-पुण्याकडेच अधिक.

आमची सूचना साधी आहे. प्रादेशिक विमानमार्ग ठरविताना प्रवासीसंख्येचा अंदाज राज्यवार न करता रस्त्याच्या तासांवर करावा, आणि भरपाईच्या रकमेतील थोडा भाग विमानतळापासून शेजारच्या शहरांपर्यंतच्या बससेवेसाठी दोन्ही राज्यांनी मिळून राखून ठेवावा. बऱ्हाणपूर–जळगाव हा त्याचा पहिला प्रयोग व्हावा.