श्रवणयंत्राच्या आधी आणि पलीकडे

दापोडी येथे राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. एसटीच्या अशा तीन कार्यशाळांपैकी ही एक. उरलेल्या दोन चिकलठाणा व हिंगणा येथे. पत्रा ठोकणे, रिव्हेट मारणे, ग्राइंडर चालविणे ही या परिसराच्या ओळखीची कामे, आणि दापोडीपासून चाकणपर्यंतच्या लहानमोठ्या प्रेसशॉपमध्ये ती आजही चालू आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्याने गोंगाटामुळे येणाऱ्या बहिरेपणाची गणना व्यावसायिक रोगांत केली होती व आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा त्याखालील नियमांनी घातली होती. कारखानदार वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. कानात घालावयाच्या बुचांची किंमत त्यापुढे काहीच नाही.

गोंगाटाने आलेला बहिरेपणा विचित्र असतो. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. चार हजार हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर आधी हरपतात आणि त्यांच्याबरोबर स, श, फ यांसारखी व्यंजने जातात. गिऱ्हाईक ‘साठ’ म्हणते, गल्ल्यावरील वडीलधाऱ्यांना ‘आठ’ ऐकू येते. मग मुले म्हणतात, ‘बाबूजी, तुम्ही आता घरी बसा.’ चाळीस वर्षे पेढी सांभाळलेला माणूस अशा रीतीने व्यवहारातून बाजूला पडतो, आणि दोष त्याच्या बुद्धीचा नसून कानाचा आहे हे कोणी तपासतही नाही. काही मंडळी जाहिरात पाहून थेट यंत्र विकत आणतात. पंधरा दिवसांत ते कपाटात जाते.

वस्तुतः बहिरेपणा हा शब्द एक असला तरी आजार अनेक आहेत. ऑडिओमेट्रीच्या आलेखावर दोन रेषा काढतात. एक हवेतून येणारा आवाज दाखविते, दुसरी कानामागील हाडातून पोहोचविलेला. हाडाची रेषा चांगली आणि हवेची खालावलेली असेल, तर आतील कान शाबूत असून अडथळा वाटेत आहे. तो कधी केवळ मळाचा असतो व दहा मिनिटांत दूर होतो. पडद्यास भोक असेल तर ते शस्त्रक्रियेने बुजविता येते. ओटोस्क्लेरोसिसमध्ये रिकिबीच्या आकाराचे इवलेसे हाड जखडते. हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. तेथे हाडाच्या जागी टेफ्लॉनचा सूक्ष्म दांडा बसवितात. अमेरिकेत डॉ. जॉन शिया यांनी १९५६ साली ही वाट दाखविली. या शस्त्रक्रियेत क्वचित त्या कानाचे ऐकणे पूर्ण जाते, हेही डॉक्टरांकडून आधी समजून घ्यावे.

ज्यांचा कान सतत वाहतो किंवा ज्यांची कानाची नळी जन्मतःच बनलेली नाही, त्यांच्या कानात यंत्र बसणारच कसे? त्यांच्यासाठी अस्थिवहनाचे उपकरण आहे. कानामागील हाडात टायटॅनियमचा लहान स्क्रू रुजवितात व त्यावरील यंत्राची कंपने कवटीतून थेट आतल्या कानापर्यंत जातात. १९७७ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे हा प्रयोग प्रथम रुग्णांवर झाला. लहान मुलांना तेच यंत्र शस्त्रक्रियेविना, डोक्याभोवतीच्या मऊ पट्ट्यावर वापरता येते. एकच कान पूर्ण गेला असल्यास त्या बाजूचा आवाज मायक्रोफोनने टिपून चांगल्या कानाकडे पाठविणारी जोडयंत्रेही मिळतात.

दोन्ही रेषा खालावल्या असतील तर दोष आतील कानाचा किंवा चेतेचा. मध्यम दोषास श्रवणयंत्रच योग्य. दोष फार तीव्र असेल आणि यंत्रानेही शब्द कळत नसतील, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो. तेथे विजेचे सूक्ष्म संदेश थेट श्रवणचेतेला दिले जातात. भारतात या शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचे नाव अग्रभागी आहे. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जन्मतः बहिऱ्या बालकांना केंद्राच्या एडिप योजनेतून याचे साहाय्य मिळू शकते. चौकशी वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत करावी. मात्र मूल ‘उशिरा बोलेल’ म्हणून वाट पाहिली, तर भाषा शिकण्याची वर्षे निघून जातात. आणि यंत्र बसविले म्हणजे काम संपले असे नाही. पुढे वाणीोपचाराला दीर्घ काळ द्यावा लागतो.

एक प्रकार मात्र थांबू देत नाही. एका सकाळी अचानक एक कान बंद झाला, तर ‘सर्दी असेल’ म्हणून तेल घालत बसू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांतच अधिक उपयोगी ठरतो.

ज्यांना काहीच बसवावयाचे नाही, त्यांच्यासाठी बोलणे ऐकून अक्षरांत दाखविणारी मोबाइलमधील सोय आहे. गिऱ्हाइकाशी बोलताना ती चालते. ध्वनिक्षेपकाविना होणाऱ्या प्रवचनात मात्र पुढची जागा हाच सर्वांत स्वस्त उपाय.

खर्चाविषयी थोडे. आरोग्यविम्यात अंगावर घालावयाची बाह्य यंत्रे बहुधा वगळलेली असतात. शस्त्रक्रियेपूर्वी पॉलिसीची कलमे वाचून घ्यावीत. श्रवणदोष ४० टक्के वा अधिक असल्याचे प्रमाणपत्र असेल, तर जुन्या करप्रणालीत ७५ हजार रुपयांची व ८० टक्के वा त्याहून अधिक असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही. म्हणून विवरणपत्र भरण्यापूर्वी दोन्ही हिशेब शेजारी मांडून पाहावेत.