मुक्या सोबत्याचे वार्धक्य

घरात कुत्रे आणण्याचा निर्णय बहुधा पिलाचे रूप पाहून घेतला जातो. ते पिलू एक दिवस म्हातारे होईल, हा विचार त्या वेळी कोणाच्या मनाला शिवत नाही. मोठ्या चणीचे कुत्रे आठव्या-नवव्या वर्षीच वार्धक्याकडे झुकते; लहान चणीचे आणखी काही वर्षे काढते, इतकेच. सांध्यांतील कूर्चा झिजते, कधी पाठीच्या कण्याचा विकार जडतो आणि घरभर धावणारा प्राणी एका कोपऱ्यात जखडला जातो.

प्रस्तुत लेखक गेले वर्षभर हा अनुभव घेत आहे. तेरा वर्षांच्या मोत्याला दोन जिने उतरवायचे, तर पोटाखालून जुना पंचा घालून त्याचा मागचा भाग उचलून धरावा लागतो. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकतात, म्हणून घरभर गोणपाटे अंथरली आहेत. एका अंगावर पडून जखमा होऊ नयेत यासाठी दर काही तासांनी त्याची कूस पालटावी लागते. रात्री अंथरूण ओले झाले, की तो नजर चुकवतो. ते पाहणे या सर्व कष्टांपेक्षा जड जाते.

‘द्या मंडईपाशी सोडून, मिळेल त्यावर जगेल,’ असा सल्ला देणारे हितचिंतकही या काळात भेटले. ही माणसे दुष्ट नव्हेत. अपुरी जागा, बेताचा पगार, औषधांचा खर्च या अडचणी खऱ्याच आहेत. परंतु ज्याला उठून पाण्याच्या भांड्यापर्यंत जाता येत नाही, त्याला रस्त्यावर सोडणे म्हणजे तहान-भुकेने मारणेच होय. फक्त ते आपल्या डोळ्यांआड घडते.

कायद्याला हे मान्य आहे. उपासमारीच्या किंवा तहानेच्या यातना होतील अशा स्थितीत सबळ कारणावाचून प्राण्याला टाकून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ अन्वये गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! १९७६ साली घटनेत समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचा उल्लेख आहे. त्या कर्तव्याचे मोल आपण पन्नास रुपये ठरवले आहे काय? हा दंड वाढला पाहिजे, आणि त्याबरोबरच नगरपालिकांनी अल्प दरात पशुवैद्यकीय उपचारांची सोयही केली पाहिजे. मोकाट कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून १८३२ साली मुंबईत दंगा उसळला आणि १८३४ साली तेथे पांजरपोळ उभी राहिली. भूतदयेची परंपरा आपल्याकडे आहे. पण घरोघरची जबाबदारी कोणत्याही पांजरपोळीवर लोटता येणार नाही.

पुष्कळ गोष्टी घरातच करता येतात. वजन आटोक्यात ठेवले तर सांध्यांवरचा भार हलका होतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र कुत्र्याला कधीही देऊ नयेत. त्या त्याच्या जिवावर बेतू शकतात. आणि वेदना उपचारांपलीकडे गेल्याच, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याला शांतपणे निरोप देण्यात अधर्म नाही. मात्र तो निर्णय त्याच्या वेदनेकडे पाहून घ्यावा, आपल्या गैरसोयीकडे पाहून नव्हे. ही सीमारेषा पुसट आहे, हे आम्ही रोज अनुभवतो. म्हणूनच ती प्रामाणिकपणे तपासत राहावी लागते.

महाप्रस्थानाच्या अखेरीस सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे युधिष्ठिराने नाकारले. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म आहे, हे त्याला त्या वेळी ठाऊक नव्हते. सोबत आलेल्याला सोडायचे नाही, एवढेच त्याला ठाऊक होते. आपल्याकडून तर स्वर्गाचा त्यागही कोणी मागत नाही. मागणी आहे ती सकाळ-संध्याकाळ दोन जिने उतरण्याची.