वाचवणाऱ्यांच्या हातातला गोटा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड उभं राहतं, त्यावर झेंडा चढतो आणि पांढुर्णा व सावरगाव आपापल्या काठावरून गोटे फेकू लागतात. गोटमार का सुरू झाली, याची आख्यायिका आपण आजी-आजोबांकडून ऐकली आहे. पांढुर्ण्याचा पोरगा, सावरगावची पोरगी. दोघं पळून निघाले आणि भर पात्रात अडकले. सावरगावकरांनी त्यांना अडवायला गोटे फेकले. पांढुर्णेकरांनी त्यांना वाचवायला उलट गोटे फेकले. दोघंही मधल्या मध्ये गेले.

ही गोष्ट आपण दरवर्षी सांगतो, पण तिच्यातली एक बाब नजरेतून सुटते. वाचवायला धावलेल्यांच्या हातातही गोटाच होता.

आजही आपली पोरं भर पात्रातच उभी आहेत. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि स्पर्धा परीक्षेत इंग्रजी. बापाची संत्र्याची बाग आहे, पण बापच म्हणतो, "या मातीत राहू नको." कोणी नागपूरला खोली घेऊन राहतं, कोणी इंदूरला शिकवणीला जातं, कोणी बोरगावच्या कारखान्यात पाळी करतं. त्यांनी चांगलं व्हावं म्हणूनच आपण बोलतो, पण काय बोलतो? "शेजारच्याचं पोरगं पाह्य, कुठं गेलं!" "तुला काय कमी केलं आम्ही?" "पोरगा असून रडतो काहून?" यातलं एकही वाक्य वैऱ्याचं नाही. सगळी मायबापाची, मामा-काकाची, गुरुजींची. लागतात मात्र गोट्यासारखी.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. म्हणजे चाळीस पोरांच्या वर्गात सरासरी तिघं. पांढुर्णा असो की सौंसर, हजेरीपट उघडा आणि विचार करा, हे तिघं कोण असतील? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं. यातली कितीतरी पोरं वेळेवर मदत मिळती तर वाचली असती, म्हणून हे आवाहन.

गोटमारीच्या दिवशी नदीकाठी वैद्यकीय पथकं बसतात, रुग्णवाहिका तयार असतात. शेकडो लोक जखमी होतात, त्यांना टाके पडतात, पट्ट्या बांधल्या जातात. फुटलेलं डोकं दिसतं म्हणून त्याची एवढी तजवीज. फुटलेलं मन दिसत नाही, ते घेऊन पोरगं वर्षभर आपल्यासमोर जेवतं, झोपतं, "काही नाही झालं" म्हणतं.

पण खरंच दिसत नाही का? संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या लागला, तर झाड वरून हिरवं असतानाच आपला शेतकरी तो ओळखतो. साल खरवडतो, बोर्डोची पेस्ट लावतो, पाणी बुंध्यापासून दूर वळवतो. झाडाला कोणी "तू मनाने कमजोर आहेस" म्हणत नाही. लेकराकडेही तसंच पाहायचं. दोन-तीन आठवडे झोप उडालेली किंवा दिवसभर झोपणं, जेवणावरची वासना जाणं, मैदान आणि मित्र सुटणं, विनाकारण चिडणं, आवडीची वस्तू वाटून टाकणं, "माझ्यावाचून तुमचं काही अडत नाही" असं बोलणं. हा फुटलेला डिंक आहे. तो पाहून पंचांग किंवा छडी शोधू नका. शेजारी बसा आणि विचारा, "काय झालं रे बाबू?" मग गप्प बसून ऐका. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचं ओझं उतरतं. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं कुलपात घाला आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काही घरं आधी जामसावळीच्या मारुतीला जातात. जरूर जा. मारुतीरायाच्या पायाशी बसून किती जणांना धीर आला आहे. पण अंगारा आणि औषध यांचं वैर नाही. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' नावाने मानसोपचाराचे डॉक्टर बसू लागले. दर्शन घेऊन माणूस त्यांच्याकडे जाऊ शकतो. मनाची दुखणी घेऊन लांबलांबून लोक येतात त्या जामसावळीत अशी एक खोली का असू नये? देवस्थान आणि आरोग्य विभाग यांनी मिळून ठरवलं तर ते होण्यासारखं आहे.

आपल्या गावात असलं काही चालणार नाही, असं कोणी म्हटलं तर त्याला शेजारच्या अमरावती जिल्ह्याकडे बोट दाखवा. तिथल्या 30 गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवलं. कार्यक्रमाआधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते, दीड वर्षात ते सत्तावीसवर गेले. तिथलीही माती आपल्यासारखीच, संत्री-कापसाची. फरक पडला तो दारात येऊन आपल्या बोलीत विचारणाऱ्या माणसामुळे.

मागण्या साध्या आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा नवा झाला की पाट्या बदलतात, तशी मनाच्या आरोग्याची सोयही आपल्या दारात यायला हवी. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांसाठी पूर्णवेळ आणि मराठी बोलणारा समुपदेशक हवा. दुखणं सांगताना माणूस आईच्या भाषेत येतो, तिथे त्याला शुद्ध हिंदी जुळवत बसायला लावू नका. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दिलेल्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला आणि मदतीचे क्रमांक ठळक लावायला सांगितलं आहे. हे शिकवणी वर्गांनाही लागू आहे. पालकांनी पुढच्या बैठकीत एवढंच विचारावं, "आमच्या शाळेतला समुपदेशक कोण?"

आणि पोरांनो, पोरींनो, तुमच्यासाठी. 14416 हा टेलिमानसचा क्रमांक आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून ही सरकारी सेवा सुरू आहे. फोनला पैसे लागत नाहीत, दिवसरात्र कधीही लावता येतो, मराठीतही बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर 112. निकाल बिघडला तर परीक्षा पुन्हा देता येते, तुमच्यासारखं माणूस घराला पुन्हा मिळत नाही. मित्राने "कोणाला सांगू नको" म्हणून काही जिवावरचं सांगितलं, तर ती शपथ मोडा. तो रागावेल, पण राहील. आणि पोलिसांच्या भीतीने मदत लांबवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेऐवजी उपचाराचा हक्क दिला आहे.

सुरुवात कुठून करायची? येत्या गोटमारीला नदीकाठच्या त्या वैद्यकीय तंबूत एक खुर्ची वाढवा. मागे 14416 ची पाटी आणि खुर्चीत ऐकून घेणारा एक माणूस. दोन्ही काठांवरची अख्खी तरुणाई त्या दिवशी तिथेच असते, ती पाटी तिच्या नजरेस पडेल. मग तीच खुर्ची शाळेत, ग्रामपंचायतीत, जामसावळीच्या अंगणात न्या.

गोष्टीतल्या त्या दोघांसाठी त्या दिवशी दोन्ही गावं नदीवर धावली होती. हातातला गोटा खाली टाकून पाण्यात उतरणारा एक माणूस तेवढा कमी पडला.